कोपराची आतली बाजू

फेरी दीड तास उशिरा. समुद्रावर बर्फाची साय.
हीउमा बेटावर उतरले तेव्हा उर्वे धक्क्यावरच उभी.
हातमोजा काढून तिनं हात पुढे केला,
पेरांमध्ये लाल, धुऊन न जाणारा.

मासळीच्या जुन्या कारखान्यात तिचा उद्योग:
दोन शेगड्या, एक वजनकाटा, चौदा रंगांच्या लिपस्टिक.
भिंतीतून अजून हेरिंगचा वास येतो.
"माझ्या मालाला नाही येत," ती घाईनं म्हणाली.
मी हुंगून पाहिलं. खरंच नाही येत.
पहिली नोंद मी तीच केली.

माझं काम सांगायला सोपं आहे.
एक बाई दिवसातून किती वेळा ओठ रंगवते,
त्यातलं किती पोटात जातं, बोलता बोलता, कॉफीच्या घोटासोबत,
वर्षाचं किती, जन्माचं किती,
आणि तेवढ्यानं तिला काही होईल का.
शेवटी माझी सही.

मेण तिच्या भावाचं, वाल्लोच्या एकवीस पेट्यांमधलं.
तेल ब्लॅककरंटच्या बियांचं, रस काढून उरलेल्या, फुकट मिळालेल्या.
डब्या पुठ्ठ्याच्या; परत आणून दिली तर अर्धा युरो.
हे सांगताना तिचा चेहरा उजळला,
त्यावर काहीही लावलेलं नसताना.

मग क्रीमची बरणी.
"यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही,"
जसं कुणी सांगावं, आमच्या घरात कुणी पीत नाही.
मी प्रयोगशाळेचा कागद पुढे सरकवला:
एका ग्रॅममध्ये मोजलेले जीव.
ती बराच वेळ शून्यं मोजत राहिली.
"म्हणजे घालावंच लागेल?"
पाणी आहे तिथं, हो.
निसर्गच आहे गं तो. बरणीत त्यानं संसार थाटलाय.

'प्राण्यांवर तपासलेलं नाही' असं डबीवर छापलंय.
मग कुणावर?
तिनं बाही वर केली.
कोपराच्या आतल्या बाजूला नऊ वर्षांची वही:
पुसट डाग, एक खवल्यासारखी कड, एक अजून तांबूस.
"हा लॅव्हेंडरचा. तो रंग मी विकलाच नाही."
माझ्या तक्त्यात या पुराव्याला रकाना नाही.
एका बाईची एक कातडी, तिला शास्त्रात कोण विचारतो.
तरी मी बोट ठेवलं त्यावर. गरम होतं.

राहिली चमक.
तीनच रंगांत आहे, आणि तेच तीन खपतात.
अभ्रक. या शब्दाच्या पोटात एक ढग आहे,
डब्यात मात्र अर्धा किलो झगमग, हाम्बुर्गच्या व्यापाऱ्याकडून.
त्याच्या आधी?
पावतीला 'आधी' नसतं.
चकाकतं ते सगळं सोनं नसतं, एवढं शाळेत शिकलो;
चकाकतं ते कुणी खणलं,
किती वयाच्या हातांनी, किती खोल,
हा धडा पुस्तकात नव्हता.

उर्वेनं तिथल्या तिथं फोन लावला.
माणूस सभ्य होता. प्रमाणपत्र पाठवतो म्हणाला.
"कशाचं?"
शुद्धतेचं. शिसं नाही, आर्सेनिक नाही.
"मुलं नाहीत, असं लिहून द्याल?"
तिकडे कुणीतरी प्रिंटर चालू केला.
तो बराच वेळ चालू होता.

क्रीम मी परत केलं.
चौदाही रंगांवर सही केली.
नियम ओठांपुरता आहे, आणि ओठांना धोका नाही;
तसं तिला सांगितलंही, जरा जास्तच स्पष्ट शब्दांत.
तिनं मान डोलावली,
आणि तीन साचे फळीवरून उतरवून
मासळीच्या एका रिकाम्या खोक्यात ठेवले.
"खपतात ना हे?" मी विचारलं.
"खपतात," ती म्हणाली. "भाडं मार्चपर्यंतचं भरलंय."
त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

परतीच्या फेरीत ओठ थंडीनं फुटले.
पर्समध्ये माझी नेहमीची होती, मोठ्या कंपनीची,
किंचित चमकणारी, सहा वर्षं तीच.
उलटी केली. तळाशी बारीक अक्षरं.
चष्मा बॅगेत होता,
आणि किनारा अजून चाळीस मिनिटं लांब.